दारू घेतल्यावर चेहरा लाल होतो, अंगावर पित्त उठतं: कारण कसं शोधायचं

"रात्री जरा घेतलंय नि अंगाक खाज सुटली. एक गोळी दी."

सावंतवाडीत माझं औषधांचं दुकान आहे. सोमवारी सकाळी शटर वर केलं की पहिल्या तासाभरात कुणीतरी हे वाक्य बोलतंच. कारणही तोच सांगून टाकतो: माल हलका होता. गोव्याची सीमा जवळ, तिकडची बाटली स्वस्त, म्हणून सगळा दोष तिच्यावर. पुढच्या वेळी दोनशे रुपये जास्त टाकून चांगल्यातली आणायची, एवढाच उपाय त्याला सुचलेला असतो.

इतकी वर्षं काउंटरमागे उभं राहून माझं मत पक्कं झालंय की बाटलीची किंमत हा या तपासातला जवळजवळ शेवटचा प्रश्न असायला हवा. आधी विचारायचं ते गेल्या पंधरवड्यात पोटात गेलेल्या गोळ्यांबद्दल, ताटातल्या मासळीबद्दल, तोंडाला लावलेल्या मलमाबद्दल आणि खरोखर किती पोटात गेली याबद्दल. त्याच क्रमाने इथे लिहितो आहे. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नव्हे. निदान त्यांनीच करायचं. पण त्यांच्यापुढे बसाल तेव्हा सांगायला नीट माहिती असावी, आणि जिवावरचं दुखणं खाजेच्या गोळीखाली झाकलं जाऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

## सगळ्यात आधी: दवाखान्यात पळायचं का?

ओठ, जीभ किंवा पापण्या सुजल्या, आवाज घोगरा झाला, गिळता येईना, श्वासाला घरघर लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा अंगभर गांधी (उंच, खाजरे चट्टे) उठून सोबत उलट्या सुरू झाल्या, तर ती तीव्र ॲलर्जी समजा आणि १०८ ला फोन लावा. माणसाला आडवं करून पाय उशीवर उंच ठेवा. दम लागत असेल तर टेकून बसू द्या, पण उठवून चालवत नेऊ नका. या अवस्थेत खरं औषध एकच: मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन. सेटिरिझिनसारखी खाजेची गोळी गिळून "बघू उतरतंय का" म्हणत बसण्यात मोलाचा वेळ जातो. छातीत दुखणं, बेफाम धडधड, घामाने थबथबून गार पडणं यांनाही हाच नियम.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. दारू घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी समोर धुकं दिसायला लागलं, पोटात कळा आल्या, श्वास जोरजोरात चालू झाला, तर मिथेनॉलचा संशय घ्यायचा. हे विष लगेच बोलत नाही. साधारण बारा ते चोवीस तास जातात, आणि त्यात साधं अल्कोहोल मिसळलेलं असलं तर त्याहूनही जास्त. चेहऱ्याच्या लालीशी त्याचा काही संबंध नाही. चेहरा लाल झाला म्हणून विषारी होती असं नसतं, आणि लाल झाला नाही म्हणून निर्धास्त राहावं असंही नसतं. मुंबईत मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये अशा दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. संशय आला तर एकट्याला नेऊ नका. त्या बैठकीत जे जे होते त्या सगळ्यांना, काही होत नसलेल्यांनाही, डायलिसिसची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. वेळेत पोचलेल्या माणसाचे डोळे आणि जीव दोन्ही वाचवता येतात.

यातलं काहीच नसेल तर आता सावकाश पुढे वाचा.

## पायरी १: काय झालं त्याला नेमकं नाव द्या

आपल्याकडे "पित्त" हा शब्द फार गोंधळ घालतो. छातीत जळजळ झाली तरी पित्त, आणि अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. गिऱ्हाईक "पित्त झालंय" म्हणतं, दुकानदार आम्लपित्ताची गोळी देतो, आणि खाजवणारा माणूस तीन दिवस ती खात बसतो. म्हणून मी नेहमी उलटं विचारतो: पोटात, की कातडीवर?

कातडीवर असेल तर त्यात मुख्य दोन प्रकार. पहिला म्हणजे लाली. चेहरा, कानाच्या पाळ्या, मान आणि छातीचा वरचा भाग गरम होतो, सपाट लाल दिसतो, धडधड वाढते, डोकं ठणकतं. हाताला उंचवटा लागत नाही, खाजही फारशी नसते. दुसरा म्हणजे गांधी. डास चावल्यासारखे उंच, खाजरे चट्टे, कडा वेड्यावाकड्या. एका जागचा चट्टा काही तासांत विरतो आणि दुसरीकडे उठतो. एकच चट्टा तिथल्या तिथे दोन-चार दिवस बसून राहिला, त्यात पाणी भरलं किंवा साल निघाली, तर तो या दोन्हींत बसत नाही. त्याचं कारण बहुतेक वेळा बाहेरून लागलेल्या कशात तरी असतं. त्याबद्दल पुढे येईलच.

आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, हे पुस्तकांतली चित्रं सांगत नाहीत. ती सगळी गोऱ्या चेहऱ्यांची असतात. आपल्याकडे रंग फार तर तांबूस-काळपट होतो. त्यामुळे आरशापेक्षा हातावर विश्वास ठेवा. कानाची पाळी आणि गाल हाताच्या मागच्या बाजूने चाचपा, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल रेषा आल्यात का बघा, आणि मोबाइलवर दिवसाच्या उजेडातल्या जुन्या फोटोशी ताडून पाहता येईल असा फोटो काढून ठेवा. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत गांधी हमखास गेलेल्या असतात, तेव्हा हा फोटोच कामी येतो.

## पायरी २: घड्याळ लावा

पहिला घोट कधी घेतला आणि पहिलं लक्षण कधी जाणवलं, एवढे दोन आकडे लिहून ठेवा. पहिल्या पेगातच, दहा-पंधरा मिनिटांत चेहरा तापला तर औषध किंवा शरीराची जन्मजात ठेवण यांवर संशय जातो. खाल्ल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात तापला तर ताटातलं काय ते पाहायचं. चौथ्या पेगानंतरच तापत असेल तर तो बहुधा मात्रेचा परिणाम. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातावर किंवा ओठांच्या कडेला फोड आले तर दारू पोटात जाऊन ते झालेलं नाही.

## पायरी ३: गेल्या पंधरा दिवसांतली औषधं

इथे घाई करू नका. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उत्तरं इथेच सापडतात.

आधी यंत्रणा समजून घेऊ. दारूतलं इथेनॉल यकृतात पहिल्यांदा ॲसिटाल्डिहाइड नावाच्या जहाल पदार्थात बदलतं, आणि मग एक विकर (एन्झाइम) त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट करतं. हा दुसरा टप्पा अडला की ॲसिटाल्डिहाइड रक्तात साठतं. कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, चेहरा पेटतो, नाडी धावते, मळमळतं. काही औषधं नेमका हाच टप्पा अडवतात.

त्यांतलं मुख्य म्हणजे डायसल्फिराम. डेन्मार्कमधले हाल्ड आणि याकोब्सेन हे संशोधक जंतांवरचं औषध म्हणून ते तपासत होते. स्वतः घेऊन पाहिलं, वर थोडी दारू झाली, आणि दोघांनाही त्रास झाला. १९४८ मध्ये त्यांनी ते दारू सोडवण्याचं औषध म्हणून पुढे आणलं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाच्या संमतीने ते अजून वापरलं जातं. शेवटची गोळी घेतल्यावर चौदा दिवसांपर्यंत त्याचा परिणाम राहू शकतो.

आणि इथेच एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. दुकानात बायका येतात, मुली येतात, आवाज खाली करून विचारतात: "त्यांना न कळत आमटीत घालायची पावडर आहे का?" भिंतींवर जाहिराती असतात, कुणीतरी नाव सांगितलेलं असतं. त्या बाईच्या घरात काय चाललंय हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं, आणि तिला नाही म्हणताना मला वाईट वाटतं. तरी मी नाहीच म्हणतो. ज्याला ठाऊक नाही तो नेहमीसारखा क्वार्टर मारतो, त्याचं ब्लडप्रेशर कोसळतं, हृदय कमकुवत असेल तर जीव जातो. वर डॉक्टरांना कुणी खरं सांगत नाही, त्यामुळे उपचारही भलत्याच दिशेने जातात. घरात असं काही दिलं गेलं असेल तर लाज बाजूला ठेवून तातडीच्या कक्षात ते सांगा. "दारू बंद करायची पावडर दिली होती" एवढं एक वाक्य पुरतं. आणि प्यायच्या सवयीवर मदत हवी असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे. तिथे घरच्या माणसांनीही फोन करायचा असतो.

आता रोजच्या गोळ्या. जुलाबासाठी किंवा दाढेच्या गळवासाठी दिलेली मेट्रोनिडॅझोल आणि टिनिडॅझोल. गोळीच्या नावापुढे "टीझेड" लिहिलेलं असेल तर त्यात टिनिडॅझोल आहे असं समजा. मेट्रोनिडॅझोलने खरंच ही प्रतिक्रिया येते का यावर अलीकडे शंका घेतली गेली आहे, पण सूचना बदललेली नाही: गोळ्या चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस दारू नको. गजकर्णासाठी महिनोन्‌महिने दिली जाणारी ग्रिसिओफल्विन, रुग्णालयात शिरेतून दिलेलं सेफोपेराझोन, ही या यादीतली पुढची नावं. ब्लडप्रेशरच्या अॅम्लोडिपिनने आधीच चेहरा तापत असतो, दारूने भर पडते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन ही दुखण्यावरची औषधं काही जणांत गांधी उठवतात, आणि दारू सोबत असेल तर जास्त. अंग दुखतंय म्हणून गोळी घेतली, मग बसलो, आणि दोष बाटलीला दिला, असा क्रम मी अनेकदा ऐकलाय.

मलमाला लोक औषध धरतच नाहीत. कोडाच्या डागांवर किंवा इसबावर लावायचं टॅक्रोलिमस घ्या. ते चेहऱ्यावर लावणाऱ्यांपैकी काहींना दारूच्या दोन घोटांनी, मलम लावलेल्या जागीच, पाच-दहा मिनिटांत भडक लाली येते. ती अर्ध्या-एक तासात जाते. माणूस मात्र पुरता घाबरतो.

शेतीच्या दिवसांत आणखी एक प्रश्न विचारायला हवा: बीजप्रक्रिया केली होती का? भुईमुगाला, भाताला किलोमागे ३ ग्रॅमने चोळतात ते थायरम हे डायसल्फिरामचं रासायनिक भावंडच आहे. या दोघांच्या घराण्याची दारूशी जुंपते हे पहिल्यांदा लक्षात आलं तेही कारखान्यात. अमेरिकेतल्या रबर उद्योगातले डॉक्टर विल्यम्स यांनी १९३७ मध्ये नोंदवलं होतं की त्या रसायनात काम करणाऱ्या कामगारांना दारू सोसवेनाशी झाली. जूनच्या सुरुवातीला उघड्या हातांनी बियाणं चोळायचं, हात नुसते पाण्याने धुवायचे आणि संध्याकाळी बसायचं, मग चेहरा पेटला तर त्यात नवल नाही. हातमोजे, मास्क, साबणाने अंघोळ, आणि ते काम चालू आहे तितके दिवस दारू बंद. एवढं कराच.

## पायरी ४: ताटात काय होतं?

चखणा म्हणून तळलेला बांगडा. कोकणात यापेक्षा साधी गोष्ट नाही. पण बांगडा, सुरमई, कुपा, तारली या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा बर्फाविना टोपलीत तासन्‌तास राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात, आणि ॲलर्जीत आपलं शरीर सोडतं तोच हा पदार्थ. तो तळून, उकळून, कशानेही जात नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तासाभरात चेहरा-मान लाल, तोंडात मिरमिर, डोकेदुखी, कधी गांधी आणि जुलाब. दारू हिस्टामीन निकामी करणाऱ्या विकराच्या आड येते, त्यामुळे त्रास वाढतो.

ओळखायचं कसं? त्याच ताटातून खाल्लेल्या दोघा-तिघांना एकदम झालं असेल, आणि त्यात न पिणाराही असेल, तर मासा. घास घेताना जिभेला मिरी चावल्यासारखं चुरचुरलं होतं का तेही आठवा. अशा माणसाला जन्मभर "तुला माशाची ॲलर्जी आहे" असं सांगून बांगडा बंद करायची गरज नसते. तो मासा खराब होता. टीबीची आयसोनियाझिड चालू असलेल्यांनी मात्र जास्त जपावं, कारण ती गोळीसुद्धा हिस्टामीन निकामी होऊ देत नाही. त्यांनी दारू तर यकृतासाठीही टाळायची असते.

कोळंबी, कुर्ल्या, शेंगदाणे यांची खरी ॲलर्जी हा वेगळा विषय. आजवर थोडीशी असलेली ॲलर्जी दारूच्या सोबतीने अचानक जोरात उफाळते, हे लक्षात ठेवा. "कोळंबी नेहमी खातो, काही होत नाही" या उत्तरावर तिला यादीतून काढू नका.

आता त्या फोडांकडे वळू. मार्च ते मे उर्राकाचे दिवस. उर्राक म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाचा पहिला, सौम्य उतार. त्यात लिंबू पिळायचं, मिरची चिरून टाकायची, मीठ घालायचं आणि भर दुपारी झाडाखाली बसायचं. लिंबाच्या सालीतली काही द्रव्यं कातडीवर राहिली आणि वर ऊन पडलं की दुसऱ्या दिवशी बोटांवर, मनगटावर, ओठांच्या कोपऱ्याला जळजळतं, फोड येतात आणि मग तपकिरी ओघळ उरतात. ते कित्येक आठवडे जात नाहीत. भाजल्यासारखं दिसतं म्हणून लोक घाबरतात, नाहीतर उर्राकातच काही मिसळलं होतं म्हणतात. लिंबू पिळल्यावर हात साबणाने धुतले असते तर काहीच झालं नसतं. दुसरं कारण काजूच्या टरफलातलं तेल. ओले काजूगर काढताना बोटांची सालं निघतात हे इथल्या पोराटोरांना माहीत आहे. तेच तेल बोंडं वेचताना, बिया भाजताना चेहऱ्याला लागलं तर तिथेही फोड येतात. बिब्बा उततो तो याच कुळातला.

## पायरी ५: किती घेतली ते ग्रॅममध्ये मोजा

"दोनच घेतले" याला अर्थ नाही. देशी बनावटीच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलिच्या एका पेगात सुमारे १० ग्रॅम, १८० मिलिच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिची बाटली म्हणजे सुमारे ४० ग्रॅम. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणारा एका बाटलीत चार पेग रिचवतो. अल्कोहोल स्वतःच कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावतं. इतक्या मात्रेत कुणाचाही चेहरा तापेल, त्याला वेगळं कारण लागत नाही. उपाशीपोटी, भराभर घेतली तर लवकर तापेल.

## पायरी ६: आता बाटलीकडे या

गोव्याची बाटली स्वस्त असते ती करामुळे. सीमेजवळच्या इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते त्यामागे महसुलाचा प्रश्न आहे; ती चोरून आणणं गुन्हा आहे, पण सीलबंद बाटलीतला माल स्वस्त म्हणून खराब ठरत नाही. आपल्याकडची बहुतेक स्वस्त व्हिस्की आणि रम मळीपासून काढलेल्या शुद्ध केलेल्या अल्कोहोलात रंग आणि स्वाद घालून होते. गंमत अशी की इथेनॉलशिवायची बाकीची आंबवणजन्य द्रव्यं अशा अल्कोहोलात कमी असतात आणि लाकडी पिंपात मुरलेल्या महाग ब्रँडीत-व्हिस्कीत जास्त. महाग बाटलीने लाली जाईलच असं मानायला म्हणून आधार नाही.

प्रकारात मात्र फरक पडतो. रेड वाइनमध्ये हिस्टामीन बरंच असू शकतं. वाइन टिकावी म्हणून सल्फाइट घालतात. लेबलवर २२० किंवा २२४ असा आकडा किंवा सल्फाइटचा इशारा दिसेल. दम्याच्या काही रुग्णांना त्याने खोकला, घरघर आणि कधी गांधी येतात. सुके जर्दाळू खाल्ल्यावरही तसंच होतं का, हे त्यांना विचारून पाहावं, कारण त्यांतही सल्फाइट असतं. गव्हाच्या बिअरने त्रास होत असेल आणि चपातीनंतर पळापळ केल्यावरही कधी गांधी उठल्या असतील, तर ही जोडी डॉक्टरांना आवर्जून सांगा.

ज्या स्वस्त दारूची खरोखर भीती बाळगायला हवी ती वेगळी. हातभट्टीत काळा गूळ आणि नवसागर जातो, काय काय आणखी जातं ते करणाऱ्यालाच ठाऊक. ताडीत क्लोरल हायड्रेट मिसळल्याचे प्रकार राज्यात वारंवार पकडले गेलेत. ते गुंगीचं औषध दारूसोबत चेहरा लाल करतं, नाडी वाढवतं आणि माणसाला बेशुद्धीपर्यंत नेतं. सुटी, प्लास्टिकच्या पिशवीतली, सील फुटलेली किंवा पुन्हा भरलेली बाटली घेऊच नका. चमच्यात पेटवून निळी ज्योत बघायची, बोटावर चोळून वास घ्यायचा, या परीक्षांनी मिथेनॉल कळत नाही. त्यांच्या भरवशावर घोट घेणं जिवावर बेतू शकतं.

## पायरी ७: जन्मापासूनच असं होतं का?

कॉलेजातल्या पहिल्या बिअरपासून, दर वेळी, अर्ध्या ग्लासातच चेहरा लाल होत असेल तर ॲसिटाल्डिहाइडचं ॲसिटेट करणारं ते विकर जन्मतःच कमजोर असू शकतं. जपान, चीन, कोरियाकडच्या दर तिघांतल्या एकापेक्षा थोड्या जास्त माणसांत ही ठेवण असते, म्हणून तिकडे तो घरोघरचा अनुभव आहे. ईशान्य भारतातल्या काही समाजांत ती दिसते. मराठी माणसांत फार विरळ. त्यामुळे आपल्याकडे वयाच्या चाळिशीत अचानक सुरू झालेल्या लालीला "आमची प्रकृतीच तशी" म्हणून सोडून देऊ नये.

ज्यांची ठेवण खरंच तशी आहे त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं: प्यायल्यावर साठणारं ॲसिटाल्डिहाइड कर्करोगकारक आहे, आणि अशी लाली येणारे पीत राहिले तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. परदेशातले आपले काही तरुण बैठकीआधी फॅमोटिडीनसारखी आम्लपित्ताची गोळी घेऊन लाली दाबतात आणि मग जास्त पितात. चेहऱ्यावरचा रंग जातो, आतलं ॲसिटाल्डिहाइड जसंच्या तसं राहतं. सराव करून हे विकर वाढत नाही. दारू न घेणं हाच त्यावर उपाय आहे.

## त्या रात्री काय करायचं

ग्लास खाली ठेवा. उरलेली संपवू नका. पाणी किंवा लिंबू-मीठ-साखरेचं सरबत सावकाश प्या. गार पाण्याने भिजवलेला पंचा चेहऱ्यावर आणि मानेवर ठेवा, गरम पाण्याने अंघोळ नको. गांधींवर आमसुलाचं पाणी लावायची आपली पद्धत चालू ठेवायला हरकत नाही. गारव्याने खाज शमते. नुसत्या गांधी असतील आणि श्वास मोकळा असेल तर गुंगी कमी आणणारी खाजेची गोळी चालते, पण डॉक्टरांशी फोनवर बोलून. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामाइन किंवा हायड्रॉक्सिझिन दारूवर घेऊ नये. त्याने गाढ गुंगी येते, आणि झोपेत उलटी श्वासनलिकेत गेली तर माणूस गुदमरतो. म्हणून प्यायलेल्याला नेहमी डाव्या कुशीवर झोपवा आणि कुणीतरी जवळ बसा. डोकं दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल नको, यकृताला ती वेळ जड असते. आयब्युप्रोफेन तर गांधींच्या आगीत तेल.

## लाली जातच नसेल तर

दारू नसतानाही गाल-नाक तांबूस राहत असतील, बारीक शिरा दिसत असतील, ऊन, चहा, तिखट या सगळ्यानेच चेहरा भाजत असेल, तर तो रोझेशिया असू शकतो. आपल्याकडे त्याची एक नक्कल सर्रास दिसते: गोरं होण्यासाठी किंवा मुरुमांवर म्हणून महिनोन्‌महिने लावलेल्या स्टिरॉइडच्या क्रीमने बिघडलेला चेहरा. ही क्रीम चिठ्ठीविना मागितली जातात आणि खेदाची गोष्ट म्हणजे दिलीही जातात. ती एकदम बंद केली तर चेहरा आणखी पेटतो, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच हळूहळू सोडा.

रोज पिणाऱ्या आणि धड न जेवणाऱ्या माणसाच्या मानेभोवती माळ घातल्यासारखा काळपट, खरखरीत पट्टा आला, हाताच्या पाठीवर तसेच डाग उमटले, सोबत जुलाब आणि विसरभोळेपणा असेल, तर तो पेलाग्रा. नायसिन या जीवनसत्त्वाची ती कमतरता. घाटावर नुसत्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्यांत तो पूर्वी पुष्कळ दिसे. हैदराबादचे गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतल्या ल्युसीनशी त्याचा संबंध मांडला होता. ही ॲलर्जी नव्हे, आणि वेळेत जीवनसत्त्व मिळालं तर काही दिवसांतच सुधारणा दिसते. तळहात कायम लाल, छातीवर कोळ्याच्या पायांसारख्या शिरा, डोळे पिवळे, अशी चिन्हं असतील तर यकृताची तपासणी लांबवू नका.

## डॉक्टरांकडे काय न्यायचं

एका पिशवीत गोळ्यांची रिकामी पाकिटं, मलमाच्या नळ्या, सर्दी-खोकल्याच्या औषधाची बाटली, काढे, ताकदीच्या पावडरी, सगळं भरा. नायसिन असलेल्या ताकदीच्या गोळीनेही चेहरा तापतो, तेव्हा "हे काय औषध आहे" म्हणून काही मागे ठेवू नका. बाटलीच्या लेबलाचा आणि बॅच क्रमांकाचा फोटो घ्या. कागदावर चार गोष्टी लिहा: किती ग्रॅम, किती वाजता, सोबत काय खाल्लं, काय आणि केव्हा दिसलं. असं आधी कितीदा झालंय तेही लिहा.

खात्री करायला म्हणून घरी पुन्हा तीच दारू घेऊन बघू नका. गेल्या वेळी फक्त खाज आली म्हणून या वेळीही तेवढ्यावरच थांबेल असं नसतं. कशाची ॲलर्जी आहे हे बघायला कातडीवर टोचून करायच्या चाचण्या आणि रक्ताच्या चाचण्या आहेत. त्या कोणत्या करायच्या हे तुमच्या कागदावरून डॉक्टर ठरवतील. खाजेची गोळी चालू असेल तर कातडीवरची चाचणी खोटी कोरी येते, म्हणून ती किती दिवस आधी थांबवायची ते वेळ घेतानाच फोनवर विचारून ठेवा. ज्यांना एकदा ओठ-घसा सुजण्यापर्यंत त्रास झालाय त्यांनी ज्याने झाला त्या पदार्थाचं किंवा औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून पाकिटात, आधार कार्डाच्या मागे ठेवावं. आमच्याकडे येणाऱ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना मी ती चिठ्ठी स्वतः लिहून देतो.